किनारपट्टीवरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी नळ आणि फिटिंग निवडताना

कोकणात सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी निधी मिळतो, टाईल्स लागतात, उद्घाटनाचा नारळ फुटतो. दुसरा पावसाळा सरतो तोवर निम्म्या तोट्या चिंध्यांनी बांधलेल्या असतात आणि एका बेसिनखाली कायमची बादली येते. दोष बांधकामाचा क्वचितच असतो. नळ शहरातल्या शोरूममध्ये, शहरातल्या बाथरूमचा विचार करून निवडलेला असतो आणि इथली हवा, इथलं पाणी आणि इथली दुरुस्तीची सोय यातल्या कशाशीच त्याचं जमत नाही.

ग्रामपंचायतीचे सदस्य, देवस्थानचे विश्वस्त, किनाऱ्यावर चेंजिंग रूम चालवणारे बचत गट, जेटीवरच्या मच्छीमार सोसायट्या अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या वाडीतला प्लंबर तालुक्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून जो नळ तासाभरात दुरुस्त करेल, तो नळ चांगला. दिसणं, किंमत, कंपनी हे त्यानंतर.

पहिली पायरी: पाणी बघा, आणि ते मे महिन्यात बघा

श्रावणात विहिरीचं पाणी कुठेही गोडच लागतं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये खाली जातात, तेव्हा पाणी मचूळ होतं आणि नळ खायला सुरुवात होते ती तेव्हाच. त्यामुळे पाण्याचा नमुना उन्हाळ्याच्या शेवटी घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तो तपासून मिळतो. अहवालात तीन आकडे शोधा: क्लोराइड, पीएच आणि लोह. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. पीएच ६.५ ते ८.५ मध्ये असावा. संडासाला पिण्याचं पाणी लागत नाही हे खरं, पण क्लोराइड २५० च्या बरंच वर असेल तर धातूच्या नळाची निवड बदलावी लागते.

जांभ्याच्या पट्ट्यातली गंमत उलटी आहे. घाटावर पाणी जड असतं, नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार साचतो, आणि नळांच्या बहुतेक जाहिराती त्याच क्षाराविरुद्ध लढत असतात. जांभ्यातून आलेलं पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, त्यात लोह विरघळलेलं असतं. विहिरीतून काढताना ते स्वच्छ दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. घरच्या घरी तपासायचं तर काचेचा ग्लास भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबडा गाळ दिसला, तर तोच गाळ नळाच्या बारीक भोकात बसणार आहे हे गृहीत धरा. अशा पाण्यावर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाईपवर धुता येणारी जाळी, म्हणजे स्ट्रेनर, लावल्याशिवाय पुढचा एकही रुपया खर्च करू नका.

मऊ आम्लधर्मी पाणी आणि खारं पाणी, दोन्ही पितळेतलं जस्त ओढून काढतात. मागे उरतं ते सच्छिद्र, गुलाबीसर तांबं. नळ बाहेरून धड दिसतो आणि एक दिवस पान्याला आट्यांपाशी मोडून हातात येतो. जोडाशी पांढरी पावडर दिसू लागली की आत हे सुरू झालंय असं समजा.

दुसरी पायरी: प्रेशर मोजा

हे कोणी करत नाही आणि अर्धे नळ इथेच फसतात. हिशेब सोपा आहे: टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर वर असेल तर प्रेशर एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. आपल्याकडचं स्वच्छतागृह बहुधा एकमजली, स्लॅब तीन मीटरवर, त्यावर थेट ठेवलेली काळी टाकी. बेसिनचा नळ जमिनीपासून मीटरभर उंच. म्हणजे उंचीचा फरक दोन ते तीन मीटर आणि प्रेशर ०.२ ते ०.३ किलो. दाबून सोडायच्या बऱ्याच नळांच्या माहितीपत्रकात किमान अर्धा किलो प्रेशर मागितलेलं असतं. सेन्सरच्या नळांचंही तेच. मग पाणी करंगळीएवढं येतं, लोक पुन्हा पुन्हा दाबतात आणि नळाच्या डोक्यावर बुक्की मारतात.

उपाय दोन. टाकी उंच करा, किंवा कमी प्रेशरवर चालणारा नळ घ्या आणि ते दुकानदाराकडून लिहून घ्या. टाकी उंच करायची तर आरसीसीच्या खांबांवर करा. लोखंडी अँगलचा स्टँड समुद्राच्या हवेत खालून कुजतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत काय काय उडालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांना रिकाम्या टाकीबद्दल वेगळं सांगायला नको.

फ्लश वॉल्व्ह, म्हणजे टाकीशिवाय भिंतीतून थेट पाणी सोडणारं बटण, अशा प्रेशरवर विसरा. त्याला जाड पाईप आणि भरपूर दाब लागतो.

तिसरी पायरी: धातू ठरवा

बाजारात 'एसएस', म्हणजे स्टेनलेस स्टील, म्हणून जे मिळतं त्यात तीन वेगळ्या जाती असतात. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त. स्वस्त, चकचकीत, आणि समुद्राजवळ काही महिन्यांत तांबूस ठिपके. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गावात, खाडीपासून आत, ते चालतं. ३१६ मध्ये याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मीठ टोकरायला लागतं तेव्हा तेच आडवं येतं. लाटांचा आवाज ऐकू येतो तिथे, जेटीवर आणि मासळी बाजारात, ३१६ घ्या. महाग आहे, म्हणून सगळीकडे नको. उघड्यावरचे नळ, कठडे आणि स्क्रू एवढ्यांनाच घ्या.

लोहचुंबक लावून बघायची पद्धत इथे कामाची नाही. २०२ लासुद्धा चुंबक चिकटत नाही आणि दुकानदाराला ते चांगलं माहीत असतं. भंगारवाले आणि फॅब्रिकेटर एक थेंबाचं किट वापरतात, छोटी बॅटरी लावून थेंब टाकला की रंगावरून जात कळते. जास्त माल घ्यायचा असेल तर ते किट मागवा किंवा तालुक्याच्या फॅब्रिकेटरला चहा पाजा. निविदेत नुसतं 'एसएस नळ' लिहिलंत तर २०२ येणार आणि तक्रारीला जागा राहणार नाही. 'ग्रेड ३१६, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटसह' असं लिहा.

आणखी एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. उघड्यावर पावसात भिजणारं स्टील कमी डागाळतं, छपराखाली झाकलेलं जास्त. पाऊस मीठ धुऊन नेतो आणि पडवीत ते थरावर थर साचतं. म्हणून आतले नळ आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसावे लागतात. मॅट किंवा रेघारेघांचं फिनिश दिसायला छान, पण त्या रेघांत मीठ बसतं. गुळगुळीत पॉलिश घ्या.

पितळी नळ क्रोम केलेले असतात. क्रोमचा थर पातळ, त्याला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं की खालचं पितळ हिरवट होतं. तरीही भरीव, वजनदार पितळी नळ गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षं टिकतो. वजन हातात घेऊन बघा. हलक्या नळाची मूठ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि तिला पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. पण पितळेचा मोठा शत्रू मीठ नाही, भंगाराचा भाव आहे. रात्री कोणी नसतं अशा किनाऱ्यावर पितळी तोटी म्हणजे कोणासाठी तरी रोख रक्कम.

म्हणून माझा कल पीटीएमटीकडे. हे इंजिनिअरिंग प्लास्टिक गंजत नाही, खारं पाणी त्याला काही करत नाही, आणि चोरून विकायला गेलं तर कोणी घेत नाही. दोन मर्यादा आहेत. पान्याने जोर लावला तर आटे फुटतात, म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळून हातानेच आवळायचं. आणि कायम उन्हात राहिलं तर ते पांढुरकं होऊन ठिसूळ होतं. आत वापरा, पाय धुण्याच्या उघड्या ओट्यावर नको. घेताना आयएसआयची खूण पाहा. प्लास्टिकच्या नळांसाठी आयएस ९७६३ आणि आटेवाल्या पितळी बिब कॉकसाठी आयएस ७८१ ही मानकं आहेत. खुणेखालचा सीएम/एल क्रमांक 'बीआयएस केअर' अॅपमध्ये टाकला की परवाना खरा आहे का ते तिथल्या तिथे कळतं.

चौथी पायरी: उघडझाप कशी हवी

जुना वॉशरचा नळ, ज्याला आपण नुसती चावी म्हणतो, फिरवायला वेळ खातो आणि लोक तो अर्धवट बंद करून जातात. पण त्याचा वॉशर किराणा दुकानातही मिळतो आणि पाच मिनिटांत बदलता येतो. पाव वळशाच्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. वापरायला उत्तम, म्हाताऱ्या माणसालाही जमतो. वाळूचा कण मध्ये गेला की चकतीवर ओरखडा पडतो आणि थेंब सुरू होतो. मग पूर्ण कार्ट्रिज बदलावं लागतं आणि प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. 'हेचो पार्ट कुडाळाक पण गावणा नाय' हे वाक्य ऐकायचं नसेल, तर तालुक्याला ज्याचं कार्ट्रिज मिळतं त्याच कंपनीचे सगळे नळ घ्या. एकाच इमारतीत तीन कंपन्यांचे नळ म्हणजे तीन प्रकारचं सामान साठवणं.

दाबून सोडायचा नळ, ज्याला दुकानात प्रेसमॅटिक किंवा पुश कॉक म्हणतात, गर्दीच्या ठिकाणी सर्वांत जास्त पाणी वाचवतो. हिशेब करून बघा. साधा नळ मिनिटाला १२ लिटर सोडत असेल आणि माणूस हात धुताना तो अर्धा मिनिट उघडा ठेवत असेल, तर सहा लिटर गेले. पुश कॉक मिनिटाला सहा लिटरचा आणि दहा सेकंदांचा असेल तर एक लिटर. जत्रेला पाचशे माणसांनी हात धुतले तर तीन हजार लिटर आणि पाचशे लिटर असा फरक. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या गावाला हे समजवावं लागत नाही. पण त्याच्या आत एक बारीक छिद्र असतं आणि त्यातून पाणी झिरपून नळ हळूहळू बंद होतो. लोहाचा गाळ तिथे अडकला की नळ एकतर लगेच बंद होतो किंवा होतच नाही. म्हणून वर म्हटलेला स्ट्रेनर. वेळ दहा सेकंदांच्या आसपास ठेवा. पाच सेकंदांच्या नळाखाली साबण धुतला जात नाही.

सेन्सरच्या नळाबद्दल मी सरळ नको म्हणेन. निसर्ग वादळानंतर काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. बॅटरीवर चालणारा असला तरी दमट खाऱ्या हवेत बॅटरीच्या पत्र्या हिरव्या पडतात. आतला वॉल्व्ह गाळाने अडकला तर नळ रात्रभर वाहतो आणि सकाळी टाकी कोरडी. विमानतळावर माणूस पगारावर ठेवलेला असतो, तिथे चालतो.

पाचवी पायरी: कुठे काय

बेसिन: पुश कॉक, तोंडाला फेस करणारी जाळी असलेला. ही जाळी नाण्याने किंवा किल्लीने काढता येणारी असावी, दर महिन्याला काढून धुवायची. बेसिनखालचं वेस्ट कपलिंग, म्हणजे पाणी बाहेर जायचा जोड, कोणी बघत नाही, पण सर्वांत आधी तेच खाल्लं जातं. क्रोमचं पितळी नको, चांगल्या प्लास्टिकचं घ्या.

संडास: इथे जरा थांबून बोलू. सार्वजनिक ठिकाणी हँड फॉसेट, म्हणजे पिस्तुलासारखा फवारा, पहिल्या हंगामात मोडतो. लोक बंद करतात तो फवारा, मागचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतला छोटा कॉक, उघडाच राहतो, नळीत चोवीस तास दाब राहतो आणि ती फुटते. त्यापेक्षा जमिनीपासून दीड फुटावर, खाली बादली मावेल असा, साधा वॉशरचा पीटीएमटी नळ आणि साखळीने बांधलेला मग. कोणी नावं ठेवली तर ठेवू द्या. भांडं निदान निम्म्या खोल्यांत भारतीय बैठकीचं ठेवा. जास्त उताराचं ग्रामीण भांडं आणि त्याचा उथळ पाणबंद ट्रॅप असेल तर दोन लिटर पाण्यात मैला निघून जातो. ओरिसा पॅन, म्हणजे पाय ठेवायच्या जागेसकटचं भांडं, दिसायला नीटनेटका, पण त्याला पाणी जास्त लागतं. फ्लशची टाकी लावायचीच तर भिंतीच्या बाहेर, प्लास्टिकची, दोन बटणांची. भिंतीत लपवलेली टाकी बिघडली की टाईल्स कोण फोडणार?

मुतारी: प्रत्येक भांड्याला पुश वॉल्व्ह. वर टाकी ठेवून सतत थेंब सोडायची जुनी पद्धत पाणी खाते आणि वासही जात नाही. बिनपाण्याची मुतारी तेव्हाच लावा, जेव्हा तिचं कार्ट्रिज वेळच्या वेळी आणून बदलणारा माणूस ठरलेला असेल.

पाय धुण्याचा ओटा: तारकर्ली, गणपतीपुळे, मुरूड, कुठेही बघा, लोक वाळू घेऊनच येतात. नळ ३१६ चा, वॉशरचा, गुडघ्याखाली. खाली वाळू बसायची दोन फूट बाय दोन फूट कुंडी, वर उचलता येणारी जाळी, आणि कुंडीच्या वरच्या बाजूने पुढे जाणारी पाईप. ही कुंडी नसेल तर वाळू थेट ट्रॅपमध्ये जाते आणि मग चोकअप काढायला शहरातून माणूस बोलवा. इथे साबण वापरू देऊ नका आणि हे पाणी सरळ माडांच्या आळ्यात सोडा. माडाला थोडा खारेपणा चालतो.

मासळी बाजार आणि जेटी: हात तेलकट, खवल्यांनी माखलेले, टोपली काखेत. गोल मूठ फिरत नाही. लांब दांडीचा, कोपराने ढकलता येणारा नळ द्या. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या गर्दीच्या बंदरावर नळ जितके मोजाल त्यापेक्षा दोन जास्त लावा.

जत्रा: आंगणेवाडीच्या भराडीदेवीला किंवा कुणकेश्वरला जेवढी माणसं येतात, त्या मापाने कायमचं बांधकाम करणं वेडेपणा आहे. त्याऐवजी मुख्य पाईपला एक-दोन जास्तीचे जोड झाकण लावून ठेवा. जत्रेच्या आधी त्यांना नळांची आडवी पाईप जोडायची, नंतर काढून गोदामात.

सहावी पायरी: भिंत जांभ्याची आहे हे विसरू नका

चिऱ्याला छिद्र पाडून प्लास्टिकचा गिट्टा ठोकला आणि स्क्रू आवळला, की पहिला दिवस छान जातो. चिरा सच्छिद्र आणि भुसभुशीत. बेसिनवर कोणी टेकलं की गिट्टा पावडरसकट बाहेर. बांधतानाच बेसिनच्या, कठड्याच्या आणि नळाच्या जागी चिऱ्याऐवजी काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या. भिंत आधीच उभी असेल तर आरपार बोल्ट आणि मागच्या बाजूला पट्टी. बोल्ट स्टीलचेच. पिवळे पॉलिश केलेले लोखंडी स्क्रू स्टीलच्या नळाला लावले तर ते आधी गंजतात आणि डाग मात्र नळावर दिसतात.

अपंगांसाठीच्या खोलीत हा मुद्दा जिवावरचा आहे. कठडा माणसाचं पूर्ण वजन घेण्यासाठी असतो. दार मोकळं ९०० मिलिमीटर, कमोडची बैठक जमिनीपासून ४५० ते ४८० मिलिमीटर, नळ मूठ मिटूनही उघडता येईल असा दांडीचा. पुश कॉक इथे नको, ज्याच्या बोटांत जोर नाही त्याला तो दाबताच येत नाही.

नळ जोडायच्या पाईपला भिंतीत पितळी आट्यांची फिटिंग वापरा. साध्या प्लास्टिकच्या आट्यांत नळ दोनदा बदलला की आटे जातात. उन्हातल्या पाईपला पांढरा रंग मारा.

सातवी पायरी: खरेदी आणि त्यानंतर

प्रत्येक नळामागे स्वतंत्र कॉक हवा. हा खर्च वाचवायचा मोह सर्वांना होतो. मग एका तोटीसाठी अख्खी इमारत बंद ठेवावी लागते, तीही गणपतीत, जेव्हा गावभर चाकरमानी आलेले असतात आणि प्लंबर स्वतःच्या घरी आरतीला असतो.

ऑर्डर देण्याआधी एक नमुना नळ लावून पाहा. नंतर गळतीची परीक्षा: नळाखाली लिटरचा मग ठेवा. दहा मिनिटांत भरला तर दिवसाला १४४ लिटर वाया जातायत. खर्चाची वाट ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) विचारा, वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या, निधीत पाणी आणि स्वच्छता दोन्ही येतात. पण अंदाजपत्रकात सुट्या भागांची ओळ सुरुवातीलाच घाला, नंतर ती कोणी मंजूर करत नाही.

साफसफाईवाल्याच्या हातातली अॅसिडची बाटली काढून घ्या. टाईल्सचा डाग जातो, पण त्याच्या वाफेने क्रोमचा थर उठतो आणि ३१६ सुद्धा काळवंडतं. पातळ साबण, मऊ फडकं, शेवटी गोडं पाणी. ब्लीचिंग पावडर फरशीवर वापरा, नळावर नको, आणि वापरली तर लगेच धुवा.

उद्घाटनाच्या दिवशीच एक पत्र्याची नको, प्लास्टिकची पेटी भरा. वॉशर डझनभर, दोन कार्ट्रिज, एक पूर्ण पुश कॉक, दोन पीटीएमटी तोट्या, टेफ्लॉन टेप, स्ट्रेनरची जाळी, दोन अँगल कॉक. झाकणाच्या आतून कागद चिकटवा: कोणत्या कंपनीचा कोणता नळ, कोणत्या दुकानातून घेतला, मुख्य कॉक कुठे आहे. एक किल्ली पंचायतीच्या शिपायाकडे, दुसरी सर्वांत जवळ राहणाऱ्या प्लंबरकडे.